चिखलदऱ्याची हवा आणि आपला दम

दिवाळीची सुटी संपली की आमच्या जरीपटक्यातल्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. "डॉक्टरसाहेब, चिखलदऱ्याची हवा फार विरळ हो! चार पावले चढलो की दम लागायचा." सांगणारे गृहस्थ बहुधा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतात, पोटाचा घेर वाढलेला असतो आणि सोबत आलेल्या सौभाग्यवती मान डोलावून दुजोरा देतात. हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की आज त्यावरच लिहावे असे ठरविले.

आधी हवेचा हिशेब करू. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर आहे आणि चिखलदरा साधारण १,१०० मीटरवर. मेळघाटातले सर्वांत उंच ठिकाण वैराट, तेही १,१७८ मीटरच. म्हणजे नागपूरकर माणूस चिखलदऱ्याला जातो तेव्हा तो जेमतेम ८०० मीटर वर चढतो आणि तेही मोटारीत बसून. एवढ्या उंचीवर हवेचा दाब नऊ-दहा टक्क्यांनी कमी होतो. निरोगी माणसाच्या शरीराला याची दखलसुद्धा घ्यावी लागत नाही. विरळ हवेचा खरा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. केदारनाथ ३,५०० मीटरच्या वर आहे, लेह शहरही तेवढ्याच उंचीवर आहे. तिथे डोके दुखले, मळमळले, झोप उडाली तर हवेकडे बोट दाखवावे. चिखलदऱ्याला दम लागला तर हवेचा काही दोष नाही. दोष घरून नेलेल्या शरीरात शोधायचा असतो.

हे मी थट्टेने सांगत नाही. वर्षभर ज्या माणसाने दुकानाच्या गादीवरून किंवा कचेरीच्या खुर्चीवरून उठून रस्त्यावरच्या स्कूटरपर्यंतच पायपीट केली, त्याला भीमकुंडाच्या बाजूला खाली उतरून पुन्हा वर येताना, किंवा गाविलगडाच्या दरवाजातून आत शिरून तटावर चढताना, आयुष्यात प्रथमच कळते की आपले हृदय आणि फुप्फुसे किती काम करू शकतात. बहुतेकांच्या बाबतीत निष्कर्ष एवढाच असतो की सवय नाही. काहींना रक्त कमी असते; आमच्याकडच्या बायकांत हे कारण फार मोठे आहे आणि दम लागेपर्यंत त्याची चौकशी कोणी करीत नाही. काहींचा जुना दमा असतो, काहींची विडी-सिगारेट असते. आणि थोड्यांच्या बाबतीत, पण ज्यांच्यासाठी हा लेख लिहितो आहे त्यांच्या बाबतीत, ती हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली तक्रार असते.

आमच्या वस्तीतले एक कापड दुकानदार आहेत, वय छप्पन्न. दोन वर्षांपूर्वी मित्रांच्या टोळक्याबरोबर चिखलदऱ्याला गेले. एका पॉइंटवरून चढण चढून परतताना छातीच्या मधोमध दडपल्यासारखे झाले, डावा जबडा दुखू लागला, घाम फुटला. खाली बसले, दहा मिनिटांत सगळे थांबले. मित्रांनी सोडा पाजला. पुन्हा चढ लागला, पुन्हा तेच. "गॅस झाला," असे सर्वानुमते ठरले, कारण सकाळी भज्यांचा नाश्ता झाला होता. चार दिवसांनी ते माझ्याकडे आले ते अॅसिडिटीची गोळी मागायला. पाठीमागे रांग होती आणि त्यांना दुकान उघडायची घाई होती. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, "बसलात की थांबायचे आणि चढलात की यायचे, असेच ना?" ते म्हणाले, "बरोबर! हवा विरळ आहे ना तिकडची."

त्यांचा बसल्या जागी काढलेला कार्डिओग्राम अगदी सरळ आला. ही गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. विश्रांतीत काढलेला आलेख चांगला आला म्हणून हृदय चांगले असे होत नाही. श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे छातीतले दडपण हीच मुळात मोठी खूण आहे, आणि ती यंत्रापेक्षा रोग्याच्या तोंडून अधिक स्पष्ट कळते. मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. पट्ट्यावर चालवून घेतलेल्या तपासणीत बदल दिसला, अँजिओग्राफीत हृदयाची एक मोठी वाहिनी बरीच बुजलेली सापडली, स्टेंट बसला. आज ते रोज सकाळी दयानंद पार्कात फेऱ्या मारतात आणि भेटेल त्याला सांगतात की चिखलदऱ्याच्या हवेने मला आजार लावला. मी वाद घालीत नाही. माझ्या मते त्या चढणीने त्यांच्यावर उपकारच केले. तोच त्रास घरी पहाटे तीन वाजता पहिल्यांदा झाला असता तर सोडा पाजायलाही कोणी जागे नसते.

तेव्हा चढताना छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, असे काही झाले तर तिथेच थांबावे आणि पुढचा पॉइंट पाहू नये. विश्रांतीने दहा-पंधरा मिनिटांत थांबले नाही तर तो हृदयविकाराचा झटका समजून दवाखाना गाठावा. आणि थांबले, तरी परतल्यावर पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगावे.

एवढे वाचून कोणी सहल रद्द करील तर ते मला मुळीच नको आहे. आमच्याकडे एक विचित्र रीत पडली आहे. वडील साठीचे झाले की मुले म्हणतात, "बाबा, तुम्ही गाडीतच बसा, आम्ही बघून येतो." मग बाबा घाटातल्या गाडीत बसून वेफर खातात. मला हे पटत नाही. साठीच्या माणसाने चालावे, चढावे. पण दीड महिना आधीपासून तयारी करून. मुलीचे लग्न ठरले की आपण सहा महिने आधी मंगल कार्यालय शोधतो, सफारीची जिप्सी महिनाभर आधी नोंदवतो, मग आपल्या गुडघ्यांना आणि हृदयाला आगाऊ सूचना द्यायला काय हरकत आहे?

तयारीला पैसे लागत नाहीत. पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास सपाट जमिनीवर चालावे. पुढचे दोन आठवडे चढ शोधावा. नागपुरात सेमिनरी हिल्सचा रस्ता त्यासाठी उत्तम आहे, नाहीतर घराचा जिना आहेच. शेवटच्या एखाद्या रविवारी रामटेकला जाऊन अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्यांनी गडावर चढावे, पायात सहलीचेच बूट आणि पाठीवर सहलीचीच पिशवी घेऊन. चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. एकेक शब्द तोडून बोलावे लागत असेल तर वेग कमी करावा. आणि दोन मजले न थांबता चढणेच जमत नसेल, तर आधी डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब, साखर, रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि मगच चिखलदऱ्याचे नाव काढावे. गुडघेदुखीवाल्यांनी ध्यानात ठेवावे की चढापेक्षा उतार गुडघ्याला जास्त जाच करतो. हातात काठी घ्यावी, लाजू नये.

आता त्या मुलखाविषयी थोडेसे. अनेकांना वाटते की चिखलदरा म्हणजे धुके, कणीस आणि फोटो. खरे वैभव त्याच्या भोवती पसरले आहे. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ वनांत आपले मेळघाट होते. त्याच्या पोटातले सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे जंगल १९८७ साली गुगामल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. सातपुड्याच्या एकामागून एक रांगा, त्यांच्यातून वळणे घेत जाणारी सिपना, सागाची अरण्ये, रानगव्यांचे कळप. शंभराहून अधिक वर्षे कोणाच्या दृष्टीस न पडलेला आणि १९९७ साली नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा याही जंगलात आहे. सेमाडोह-कोलकासला एक रात्र काढलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा जातो. वाघ मात्र इथे ताडोबासारखा रस्त्यावर येऊन बसत नाही. डोंगर आणि दाट झाडी यांमुळे तो दिसणे कठीण. मला यात फायदाच दिसतो. वाघ दिसत नाही म्हणून लोक निदान झाडांकडे बघतात.

सफारीला जाणाऱ्या मधुमेहींबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जिप्सी निघते अंधारात. आपला माणूस शिस्तीचा असतो, उठल्याबरोबर साखरेची गोळी घेतो किंवा इन्सुलिन टोचतो. नाश्ता मात्र परतल्यावर, म्हणजे तीन-चार तासांनी. मधल्या वेळात साखर उतरते, हातपाय थरथरतात, घाम येतो, माणूस चिडचिड करतो किंवा असंबद्ध बोलतो, आणि सोबतच्यांना वाटते थंडी वाजते आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरला विचारून सफारीच्या दिवशीच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवावी, बॅगेत नव्हे. ज्या दिवशी जास्त चालणे होणार त्या दिवशीही हाच धोका असतो. इन्सुलिनची बाटली गाडीच्या कप्प्यात तापू देऊ नये. थर्मासात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावी.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राणी पाहण्याचा उपक्रम आता फार लोकप्रिय झाला आहे. दुपारी चढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचे. ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे किंवा ज्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढविणारे औषध आहे, त्यांनी आधी स्वतःशी नीट विचार करावा. असे एक निवृत्त गुरुजी गोळी बंद करून आणि पाण्याचा थेंबही न पिता मे महिन्यात मचाणावर बसले होते. परतले ते रक्तदाब वाढवून आणि लघवीची जळजळ घेऊन. एका सांबराचे दर्शन त्यांना बरेच महागात पडले.

जनावरांची भीती लोकांना चुकीच्या क्रमाने वाटते. वाघाचे नाव पहिले येते. पण पायी जाणाऱ्याच्या दृष्टीने अस्वल अधिक धोक्याचे. त्याचे नाक तीक्ष्ण असते पण नजर आणि कान मंद, त्यामुळे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही आणि दचकले की ते अंगावर येते. मोहाची फुले पडतात त्या दिवसांत विशेष जपावे. ठरलेल्या वाटेवर, स्थानिक वाटाड्याबरोबरच चालावे आणि वळणावर बोलत जावे. कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्यामोहोळ असते. तिथे धूर, फटाके, दगडफेक, उग्र अत्तर काहीही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून पळावे आणि गाडीत किंवा खोलीत शिरावे. पुष्कळ डंख झाले, किंवा एकाच डंखाने ओठ सुजले, श्वास अडला, तर थांबू नये, दवाखाना गाठावा.

वानरांना खाऊ घालणे हा मात्र आपणच ओढवून घेतलेला रोग. पॉइंटवर मुलाच्या हातात बिस्कीट देऊन वानरासमोर उभे करतात आणि फोटो काढतात. ओरखडा निघाला की हळद लावतात. ती जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांचा जमाना कधीच संपला. आता दंडात मोजकी इंजेक्शने असतात आणि सरकारी रुग्णालयात ती मिळतात. सहल अर्धवट राहील म्हणून पहिले इंजेक्शन पुढे ढकलू नये.

सर्पदंशाबद्दल थोडक्यात: जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. हातपाय हलवू न देता रोग्याला रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालविलेला अर्धा तास पुढे कोणालाही परत आणता येत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि खूण जवळजवळ दिसत नाही. म्हणून जंगलातल्या मुक्कामात खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवी. मच्छरदाणीने मलेरियाचाही बंदोबस्त होतो. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या मनाने घेऊ नयेत, डॉक्टरला विचारावे.

निघण्यापूर्वी कागदावर चार नावे लिहून गाडीत ठेवावीत. चिखलदऱ्याला आणि चुरणीला ग्रामीण रुग्णालय आहे, धारणीला आणि घाट उतरून आल्यावर अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय. मोठ्या उपचारांसाठी अमरावतीच गाठावी लागते, आणि चिखलदऱ्याहून ती ऐंशीहून अधिक किलोमीटरवर आहे, त्यात घाट. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, पण आतल्या जंगलात मोबाइलची घंटी कुठे वाजेल कुठे नाही याचा भरवसा नसतो. मोबाइलची रेंज कुठे मिळते हे वनरक्षकाला आधीच विचारून ठेवावे. आपण दोन दिवसांसाठी ज्या अंतराची धास्ती घेतो, त्याच अंतरावर तिथल्या कोरकू बाईची प्रत्येक बाळंतपणाची आणि तिच्या तान्ह्याच्या प्रत्येक न्यूमोनियाची वेळ येते. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने तीन दशकांहून अधिक काळ जे काम केले, ज्यासाठी त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, त्याची किंमत चिखलदऱ्याच्या हॉटेलात बसून कळत नाही. तिथल्या रस्त्यावर एक रात्र गाडी बंद पडली की कळते.

शेवटची गोष्ट परतल्यानंतरची, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत झुडपांत, उंच गवतात चिगर नावाचा कीटक असतो. गोचिडाच्या नात्यातला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. तो चावलेला कळतही नाही. त्याच्यापासून स्क्रब टायफस नावाचा ताप येतो, आणि तो लगेच येत नाही, सहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही येतो. तोवर सहलीचे फोटो पाहून झालेले असतात आणि जंगल कोणाच्या ध्यानातही नसते. २०१८ च्या पावसाळ्यात या तापाने नागपुरात आणि विदर्भात पुष्कळ रुग्ण आजारी पडले, कित्येक दगावले. तो शेतातून येतो, शहरातल्या वाढलेल्या गवतातूनही येतो. एकट्या जंगलाला बदनाम करू नये. पण गवतात सतरंजी टाकून वनभोजन करणाऱ्यांनी तो घरी आणलेला मी पाहिला आहे.

एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. पाच दिवस ताप, डोके फुटेल असे दुखणे. औषधाच्या दुकानातून टायफॉइडची म्हणून महाग अँटिबायोटिक घेऊन झाली होती. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. "गेल्या महिन्यात कुठे गेला होतात?" असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "कुठेच नाही." बरोबरच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, चिखलदऱ्याला नव्हती का गेली शाळेतल्या बायांसोबत?" बारा दिवस झाले होते. नर्सबाईंना सांगून नीट तपासले तेव्हा कमरेला, परकराच्या नाडीखाली, सिगारेटचा चटका बसावा तशी एक काळी खपली सापडली. ती दुखत नव्हती म्हणून त्यांना माहीतच नव्हती. काखेत, जांघेत, स्तनाखाली, नाडीच्या जागी, अशा झाकलेल्या ठिकाणीच ती असते. काहींना तर ती होतही नाही, तेव्हा नसली म्हणून निश्चिंत होऊ नये. टायफॉइडची नेहमीची इंजेक्शने या तापाला लागू पडत नाहीत. लागू पडते ते डॉक्सिसायक्लिन, फार जुने आणि काही रुपयांचे औषध. गरोदर बाईला त्याऐवजी अॅझिथ्रोमायसिन देतात. मात्र उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांपर्यंत प्रकरण जाते. म्हणून गवतातून जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला कीटक पळविणारे मलम. मुक्कामी परतल्याबरोबर साबणाने आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. पुढचे तीन आठवडे ताप आला तर डॉक्टरने विचारण्याची वाट न पाहता "मी जंगलात जाऊन आलो" हे आपणच पहिल्या वाक्यात सांगावे.

शिक्षिकाबाईंचा ताप गोळ्या सुरू केल्यावर दोन दिवसांत उतरला. त्यांच्याबरोबर त्याच गवतात जेवायला बसलेल्या आणखी चौघी होत्या. माझ्या सांगण्यावरून त्यांनी दवाखान्यातूनच एकेकीला फोन लावले. तिघी ठणठणीत होत्या. चौथी माहेरी वर्ध्याला गेली होती आणि तीन दिवसांपासून तापाने अंथरुणावर होती.